पाठवायचे फोटो

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा बारावी झाला, मामाने दुबईहून आणलेला कॅमेरा त्याच्या हाती पडला, आणि आता दर रविवारी तो एकटाच मोटारसायकल काढून खेड्यापाड्यांत जातो. कुठे बैलजोडी, कुठे नदीचा घाट, कुठे पारावरची म्हातारी माणसे, असे फोटो काढून संध्याकाळी घरी येतो. घरात यावरून दोन तक्रारी आहेत. दादीला तस्वीर काढणेच मान्य नाही आणि अब्बूंना त्याचे अनोळखी गावांत एकट्याने फिरणे मान्य नाही. 'तुम्हीही कॅमेरा घेऊन हिंडता, तेव्हा तुम्हीच सांगा काय करावे,' असे त्या लिहितात.

पहिल्या तक्रारीवर निकाल देण्याचा आम्हाला अधिकार नाही. कॅमेऱ्याच्या फोटोबाबत उलेमांत मतभेद आहेत. काही जण हाताने काढलेल्या चित्राचाच हुकूम त्याला लावतात, काही जण त्याला आरशातल्या प्रतिबिंबासारखे मानतात. पासपोर्ट, ओळखपत्र यांसारख्या गरजेपुरता मात्र बहुतेक सगळे तो चालवून घेतात. भगिनीने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे, आणि मुलाने दादीशी वाद घालू नये. दुसऱ्या तक्रारीबद्दल मात्र आम्हाला थोडे सांगता येईल, कारण मागच्या हिवाळ्यात आम्हीही असेच एकटे फिरलो. (आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. सदरात 'मी' लिहायची सवय नाही, एवढेच.)

घरातल्या एकाची शस्त्रक्रिया सावंगी (मेघे) येथे झाली. वॉर्डात रुग्णाजवळ एकालाच थांबता येते, ते काम वहिनींनी घेतले. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ डबा पोहोचवणे एवढेच उरले, आणि मधले अडीच दिवस मोकळे मिळाले. विदर्भात सावंगी नावाची गावे इतकी आहेत की कंसातल्या 'मेघे'शिवाय पत्र पोहोचायचे नाही. वर्ध्याभोवती बोरगाव, सिंदी, पिपरी, उमरी यांनाही हाच कंस जोडलेला आहे. हे सावंगी वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराला जवळजवळ चिकटून आहे. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज यांच्याभोवती औषधांची दुकाने, खानावळी, झेरॉक्सवाले, भाड्याच्या खोल्या असे सगळे उभे राहिले आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडचे लोक येथे येतात आणि झाडाखाली चादर अंथरून दिवस काढतात. त्या आवारात आम्ही कॅमेरा पिशवीतून काढला नाही. फोटो म्हणून तेथे खूप काही होते. पण ज्याचा माणूस आत ऑपरेशन टेबलावर आहे, त्याला 'नको' म्हणायचेही त्राण नसते, आणि ज्याला नकार देता येत नाही त्याचा होकार आम्ही धरत नाही.

आवारापासून थोडे दूर गेले की लगेच शेते लागतात. काळी जमीन, पऱ्हाटीच्या ओळी, मधूनमधून तुरीचे तास. हिवाळ्यात सकाळी दव वाळले की वेचणी सुरू होते. बाया कमरेला ओटी बांधून ओळी धरतात आणि पुढे सरकत जातात.

भगिनीच्या मुलासाठी येथे एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. कॅमेऱ्याला काळे-पांढरे कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे, असे धरून तो उजेड मोजतो. चौकटीत काळी जमीन जास्त आणि कापूस थोडा असेल तर तो जमीन उजळवायला जातो, आणि मग बोंडे पांढरे डाग होऊन बसतात, त्यात धागा दिसत नाही. अशा वेळी उजेड हाताने एक पायरी कमी करायचा. उलट बंडीभर कापूस समोर असेल तर तोच कॅमेरा शुभ्र कापूस मळका करून टाकतो, तेव्हा एक पायरी वाढवायचा. आणि ऊन डोक्यावर आले की सरळ डबा पोहोचवायला निघायचे. दुपारच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा दिसतात, अशा फोटोने कोणाचे भले होत नाही.

पहिल्या शेतात आम्ही धुऱ्यावर उभे राहून विचारले. एक बाई म्हणाली, "माहा नोको काढू जी. पेपरात आला त मालकीण म्हणन, कामाच्या टायमाले फोटो काढून रायली." सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "इचारून काढता हे बरं हाय. परवा एक जन गाडीतून उतरला न् काढून निंगून गेला." पहिलीचा नाही काढला. बाकीच्या तिघींनी पदर नीट करून काढू दिला, आणि एकीने जाताना विचारले, "हा आमाले कधी भेटन?" उत्तर म्हणून आम्ही वही काढली आणि नाव, गाव, पिनकोड लिहून घेतला.

आता एकटेपणाची गोष्ट. गावात अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन शिरला की पहिला प्रश्न येतो, "कुठचे जी?" आणि दुसरा, "नाव काय?" आम्ही पूर्ण नाव सांगतो, आधी, न विचारता. नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न येईपर्यंत जो क्षण जातो, तो कसा असतो हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. अब्बूंच्या मनात भीती आहे ती त्याच क्षणाची, आणि ती खोटी नाही. मूल पळवणारे आले, अशा मोबाइलवरच्या अफवेने आपल्या महाराष्ट्रात माणसे मारली गेली आहेत. 2018 साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांचा असाच जीव गेला. ते कोणत्या धर्माचे होते हा प्रश्नच तेथे नव्हता. ते अनोळखी होते, तेवढे पुरले.

म्हणून आमची पद्धत सांगतो. गावात शिरताना कॅमेरा गळ्यात लटकवलेला नसतो, पिशवीत असतो. आधी चहाच्या टपरीवर बसायचे. पोलीस पाटील किंवा सरपंच कुठे भेटतील ते विचारायचे आणि त्यांना जाऊन नाव, गाव, काम सांगायचे. मुलांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, मुले स्वतः पुढेपुढे नाचत आली तरी नाहीत. देवळीच्या अलीकडे एका गावात पाटील घरी नव्हते. त्यांच्या सुनेने ओसरीवरूनच फोन लावून दिला, पलीकडून आवाज आला, "फिरा ना जी बिनधास्त, पन चाय घेतल्याबिगर जाऊ नका." त्यानंतर गावात आम्हाला कोणी काही विचारले नाही, उलट एक पोरगा वाट दाखवायला सोबत आला. नेहमी असेच होईल असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या एका गावी नको म्हटले, आम्ही सलाम करून परत फिरलो.

रात्री एकट्याने प्रवास करू नये, असे हदीसमध्ये आले आहे. आम्ही मगरिबच्या आत सावंगीला परत येत होतो. तसेही सूर्य बुडाल्यावर या कामाचे तेथे काय उरते?

त्याच देवळीकडच्या गावात (नाव देत नाही, का ते पुढे कळेल) पोरग्याने आम्हाला एका पिंजाऱ्याच्या घरी नेले. कापसाच्या मुलखात आपले पिंजारी, म्हणजे मन्सूरी, पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पूर्वी धुनकी खांद्यावर टाकून घरोघर जायचे, आता दारात मशीन आहे. चाचांची धुनकी आढ्याला टांगलेली होती, तिची तात केव्हाच तुटलेली. आम्ही त्या धुनकीचा फोटो काढायला गेलो होतो. चाचा म्हणाले, "उसका क्या निकालते, हमारा निकालो. शादी को पैंतालीस साल हो गए, दोनों का एक साथ फोटो नै."

घरात फोटो होते ते आधार कार्डावरचे आणि बँकेच्या पासबुकावरचे. त्या कार्डावरच्या फोटोत चेहरा ओळखू येतो असे कोणी म्हणणार नाही. आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत आजीचा एकुलता एक फोटो म्हणजे हजच्या पासपोर्टसाठी काढलेला फोटो असतो. ज्यांना हज नशीब झाले नाही त्यांचा तोही नसतो. आजी गेली की नातवंडे तोच इंचभर चेहरा स्टुडिओत नेतात आणि 'जरा मोठा करून द्या' म्हणतात. मोठा केला की तो आणखी पुसट होतो.

चाची आतून म्हणाल्या, नको. मग बराच वेळ दोघांचे आत बोलणे चालले. आम्ही अंगणात त्या पोराशी क्रिकेटवर बोलत बसलो. मग चाची दाराशी आल्या आणि अट घातली. फोटो घरीच यायचा. कुठे छापायचा नाही. "और मोबाइल में नक्को डालो, गाँव भर घूमता." आम्ही कबूल केले. म्हणून या पानावर तो फोटो नाही, आणि आमच्या अडीच दिवसांतला सगळ्यांत चांगला फोटो तोच आहे. एवढे लिहू का, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "लिख दो, नाम मत लिखो. गाँव का भी नै."

उंबऱ्याजवळ उजेड आत येत होता तेथे चाचांनी स्वतः भरलेली गादी टाकली. ते धुतलेली टोपी घालून आले, ती कानांवर आली म्हणून मागे सरकवली, मग पुन्हा पुढे घेतली. चाचींनी आधी अर्धा चेहरा झाकून घेतला, आम्ही थांबलो. मग त्यांनीच ओढणी मागे घेतली आणि म्हणाल्या, "अब निकाल." चार फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर दाखवले तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इत्ती बूढी हो गई मैं?" चाचा म्हणाले, "मेरे कू तो पहले से मालूम था."

दुसऱ्या दिवशी आम्ही सेवाग्रामला गेलो. सावंगीहून वर्ध्यात येऊन पुढे जायचे, अंतर फार नाही. बापू कुटीच्या मातीच्या भिंती, दुपारची शांतता, सुतकताईचे वर्ग, याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत. बादशाह खान 1934 मध्ये तुरुंगातून सुटले, सरहद्द प्रांतात जाण्याची बंदी होती म्हणून वर्ध्यात राहिले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना येथूनच पुन्हा अटक झाली. डॉ. झाकीर हुसेन 1937 च्या शिक्षण परिषदेसाठी वर्ध्यात आले आणि नई तालीमची योजना त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तयार केली. वर्ध्याकडे आपल्या मुलांना कोणी न्यायला आले तर हेही सांगावे. पण आमच्या डोक्यात त्या दिवशी कनू गांधी होते. गांधीजींच्या पुतण्याचा हा मुलगा आश्रमातच राहत होता आणि त्याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यांतून त्याने रोलीफ्लेक्स कॅमेरा घेतला. गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश मारायचा नाही, कोणाला मुद्दाम बसायला-उभे राहायला सांगायचे नाही, आणि या छंदासाठी आश्रम पैसा देणार नाही. साधारण दहा वर्षे तो मुलगा त्या तीन अटींत राहून फोटो काढत होता. गांधीजी वजनाच्या काट्यावर उभे राहून काटा पाहत आहेत, गाडीच्या डब्यातून बाहेर हात पसरून हरिजन फंडासाठी पैसे मागत आहेत, असे फोटो दुसऱ्या कोणाला मिळाले नसते. दारातल्या उजेडात चाचा-चाचींना बसवले तेव्हा पहिली अट आम्ही पाळली. दुसरी पाळली नाही, कारण त्यांना बसायचेच होते.

मामाने दिलेल्या कॅमेऱ्यावरून आम्हाला आयर्लंडचा एक माणूस आठवला, दादीलाही त्याची गोष्ट आवडेल. फ्रान्सिस ब्राउन हा येशूसंघी पाद्री. लहानपणीच आईबाप गेले, काकाने वाढवले, आणि काकाने पहिला कॅमेराही घेऊन दिला. काका स्वतः बिशप होते. 1912 मध्ये काकाने त्याला टायटॅनिक जहाजाचे तिकीट दिले, इंग्लंडहून आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरापर्यंतचे. जहाजावर एका श्रीमंत जोडप्याने अमेरिकेपर्यंतचे भाडे देऊ केले. त्याने वरिष्ठांना तार करून परवानगी मागितली, उलट तार आली की जहाजावरून उतर. तो उतरला आणि वाचला, त्याने काढलेले जहाजावरचे फोटोही वाचले. पुढची चाळीसएक वर्षे तो धर्मप्रवचनांच्या निमित्ताने आयर्लंडभर फिरत राहिला आणि खेडी, जत्रा, शाळा, चुलीजवळच्या म्हाताऱ्या यांचे फोटो काढत राहिला. 1960 मध्ये तो वारला. 1985 साली एका जुन्या पेटीत त्याच्या सुमारे 42,000 निगेटिव्ह सापडल्या. मोठ्यांची इजाजत मागून वागणाऱ्या मुलाची ही गोष्ट अब्बूंनाही वाचून दाखवावी.

त्याच आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यात 1954 साली डोरोथिया लँग नावाच्या अमेरिकन बाई गेल्या होत्या, 'लाइफ' मासिकासाठी. सोबत मुलगा होता. शेतकऱ्यांच्या घरी, बाजारात, गवताच्या कापणीत त्या काही आठवडे हिंडल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांतले थोडे फोटो मासिकात आले. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर एक चित्रपटकर्ती तेच फोटो घेऊन त्या गावांत गेली आणि फोटोतली माणसे, त्यांची मुले शोधत फिरली. तिच्या 2001 मधल्या माहितीपटाचे नाव आहे 'फोटोज टू सेंड', म्हणजे पाठवायचे फोटो. आमच्या वहीच्या शेवटच्या पानांवर आम्ही हेच तीन शब्द लिहून ठेवले आहेत, खाली नावे आणि पिनकोड.

शेवटच्या दिवशी गिरडला गेलो. समुद्रपूर तालुक्यात, जिल्ह्याच्या पूर्व टोकाला टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा म्हणून हे ठिकाण मानले जाते. बाबा फरीद गंजशकर यांची मजार पाकिस्तानात पाकपट्टणला आहे. गिरडला त्यांचे वास्तव्य झाले, अशी श्रद्धा आहे. हिंदू, मुस्लिम दोन्ही येतात, पायऱ्यांवर गर्दी असते. टेकडीवर लहान-मोठे गोल दगड विखुरलेले दिसतात. लोक सांगतात, जायफळे-सुपाऱ्या घेऊन चाललेल्या व्यापाऱ्यांनी बाबांची चेष्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. त्यांनी माफी मागितली तेव्हा बाबांनी त्यांना झाडाच्या वाळक्या पानांतून नवा माल करून दिला, पण व्यापारी मग गेलेच नाहीत, तेथेच राहिले. भूगर्भशास्त्र सांगते की लाव्ह्याच्या खडकात तयार झालेले हे झिओलाइटचे गोळे आहेत. चमत्काराबद्दल वाचकांची मते वेगवेगळी असतील, येथे वाद नको. आम्हाला त्या दगडांचा फोटो हवा होता आणि तो सकाळच्या तिरप्या उन्हात छान मिळाला. दर्ग्यात दुआ मागणाऱ्या बायकांच्या पाठमोऱ्या रांगेचा फोटोही सुरेख झाला असता. मुजावर म्हणाले, 'काढा, सगळेच काढतात.' बायकांना मात्र कोणी विचारलेले नव्हते, आणि दुआच्या मधोमध विचारणार तरी कसे? आम्ही उतरून आलो.

तेव्हा भगिनींनो, मुलाला जाऊ द्यावे, असे आमचे मत आहे. पहिल्या दोन-चार खेपांना त्या गावातल्या ओळखीच्या कोणाला तरी सोबत घ्यावे. अब्बूंचा एखादा मित्र, दुकानाचे गिऱ्हाईक, कोणीही चालेल. कोणत्या गावी जातो ते घरी लिहून जावे आणि अंधाराच्या आत यावे. आणि घरातून एकच अट घालावी. ज्याचा फोटो काढला त्याला छापील प्रत पाठवल्याशिवाय पुढच्या रविवारी गाडीची चावी मिळणार नाही. एका प्रतीला आणि टपालाला मिळून नाश्त्याच्या एका प्लेटएवढा खर्च येतो. मोबाइलवर पाठवले की झाले, असे तो म्हणेल. ज्यांनी मोबाइलवरच मागितला त्यांना तसा पाठवावा, पण चाचींसारख्याही असतात.

घरी परतल्यावर आम्ही अकरा पाकिटे टाकली. पंधरा दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. चाचा बोलत होते, शेजारच्या दुकानातून. फोटो मिळाला होता. भिंतीवर लावायला चाचींनी नकार दिला, तो पेटीत निकाहनाम्याच्या घडीत ठेवला आहे. आणखी एक प्रत हवी होती, चंद्रपूरला दिलेल्या लेकीसाठी. ती म्हणाली, दोघांना असे एकत्र बसलेले तिने कधी पाहिलेच नाही, अब्बा नेहमी कापसात आणि अम्मी नेहमी चुलीपाशी. आम्ही लेकीचा पत्ता लिहून घेतला, पिनकोड दोनदा विचारला. ती प्रत परवाच्या टपालाने गेली.